अकराव्या सदऱ्याचे माप

वऱ्हाड मध्यप्रांतात होते तेव्हाची गोष्ट. आमच्या अमरावतीच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर धंद्याने शिंपी होता. तोंडात टाचण्या धरूनच तो बोलायचा, म्हणून त्याचे वाक्य दोन-तीन शब्दांत संपायचे. मैदानावर चेंडू अडवला की आधी सदऱ्याचे कोपर फाटले का ते पाहायचा, मग चेंडू फेकायचा. सगळ्यांचे सदरे तोच शिवी. आम्हा दहा जणांची मापे त्याला तोंडपाठ होती.

अकोल्याकडून तीन वर्षे हरल्यावर पावसाळ्यात आम्ही संघ बदलायला बसलो. कप्तान मी होतो. बडनेऱ्याच्या रेल्वेतला एक उंच गडी गोलकीपर म्हणून ठरला. शिंप्याला ते सांगणे मी रोज उद्यावर ढकलत राहिलो. शेवटी तोंडाने सांगवेना, म्हणून नव्या सदऱ्यांच्या कापडात त्या गड्याच्या मापाची चिठ्ठी ठेवून दिली.

त्याने ती माझ्यासमोरच वाचली. टाचण्या एकेक करून तोंडातून काढल्या.

“हे गोलकीपरचं माप हाये ना, भाऊ?”

मी नुसती मान हलवली.

“अकोल्याचं मैदान मुरमाचं हाये. त्याच्या कोपराले दुहेरी कापड लावून देतो.”

त्या वर्षी आम्ही अकोल्याला हरवले. मी पेढे घेऊन त्याच्या दुकानात गेलो. सामन्याचे त्याने काहीच विचारले नाही.

“कोपर फाटलं काय?”

“नाही,” मी म्हणालो.

त्यानंतर माझ्याशी बोलताना त्याने तोंडातल्या टाचण्या कधीच काढल्या नाहीत.