सगळ्यात खालचा खण

काल औषधाच्या दुकानात एक वाक्य कानावर पडलं आणि माझं डोकं फिरलं. म्हणून हे लिहिते आहे.

माझं इन्सुलिन पिशवीत घालताना दुकानदार म्हणाले, "फ्रिजच्या सगळ्यात खालच्या ड्रॉवरमध्ये ठेवा, आजी." माझा फ्रिज कसा आहे ते तुम्हाला ठाऊक आहे का, असं मी विचारलं. ते हसले... मला हसू आलं नाही.

कारण ऐंशीच्या दशकात, नागपुरातल्या महाल भागात आम्ही राहत असताना, ह्याच वाक्यापायी आमच्या शेजारची मुलगी मरता मरता वाचली.

तेव्हा आमच्याकडे दिरांनी आखातातून आणलेला फ्रिज होता. त्याचा फ्रीझर तळाला, तोही भाजीच्या खणासारखा ओढायचा. शहरात बाकी ज्यांच्याकडे फ्रिज होते त्यांचा बर्फ वर आणि भाजी खाली. मेकॅनिक आला की "हा तर उलटा आहे" म्हणायचा आणि काहीही बिघडलं तरी "गॅस गेला" सांगून मोकळा व्हायचा.

शेवटी फ्रिजबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक काढून मीच शिकले. मे महिन्यात आत पाणी साचायचं ते गॅसमुळे नव्हे... पाणी जायचं भोक बर्फाने बुजायचं. कोमट पाणी आणि स्वेटरची बोथट सुई, एवढाच त्यावर इलाज. फ्रिज भिंतीपासून वीतभर पुढे ठेवायचा, मागच्या जाळीवरची धूळ ब्रशने काढायची, दाराच्या रबरात कागद धरून ओढून बघायचा. सहज निघून आला तर रबर ढिलं झालं. बी.एस्सी. होऊन घरी बसले होते, कुठेतरी उपयोग झाला.

शेजारी इंदूबाई राहायच्या. घरी हातमाग. त्यांची मुलगी मंदा बारा वर्षांची, आणि एवढ्या वयात तिला साखरेचा आजार... रोज दोन इंजेक्शनं. गल्लीत फ्रिज एकच, म्हणून बाटली आमच्याकडे असे.

फ्रिजला कुलूप होतं आणि किल्ली माझ्या कमरेला. मीच वरच्या दारातून बाटली काढून देई, मीच परत ठेवी. इंदूबाईंनी फ्रिजला कधी हात लावला नव्हता. ह्या शिस्तीचा मला अभिमान होता.

भावाच्या लग्नाला मी चार दिवस खाप्याला गेले. किल्ली ह्यांच्याकडे दिली. नेमक्या त्याच दिवशी दवाखान्यातून नव्या बाटल्या मिळाल्या, आणि कंपाउंडरने इंदूबाईंना ते वाक्य सांगितलं. ह्यांनी कुलूप उघडून दिलं आणि पेपर वाचायला गेले. इंदूबाईंनी सांगितल्याप्रमाणे केलं.

सकाळी बाटली दगड झालेली. बिचारीने ती तळहातात धरून वितळवली आणि इंजेक्शन दिलं. एकदा गोठलं की ते औषध औषध राहत नाही, हे तिला कोण सांगणार? तिसऱ्या दिवशी मंदाला उलट्या सुरू झाल्या, शुद्ध हरपू लागली...

मी परतले ती तशीच दवाखान्यात गेले. वॉर्डभर ऐकू जाईल अशा आवाजात कंपाउंडर ओरडत होता, "काय वं बाई, उन्हात ठेवलं असन औषध! काही समजते का तुले?"

"तुमीच सांगतलं ना जी, सगळ्यात खालच्या खणात ठेवजो म्हणून," इंदूबाई म्हणत होत्या. "तिथंच ठेवलं मी. खोटं काहून बोलू?"

कोणी ऐकत नव्हतं. मला मात्र एका क्षणात सगळं कळलं.

घरी जाऊन तळाचा खण ओढला. उरलेली बाटली बर्फाच्या ट्रेला चिकटलेली, काचेला तडा. टॉवेलात गुंडाळून दुपारी दोनच्या उन्हात रिक्षाने पुन्हा दवाखाना गाठला आणि ती डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली.

कंपाउंडरने हात लावून पाहिला. "फ्रीझर खाली राहते, हे मले कसं माहीत राहीन, ताई?"

"माहीत नव्हतं तर विचारायचं होतं. 'बर्फाजवळ ठेवू नका' एवढं म्हणाला असतात तरी पुरे होतं. आधी ह्या बाईंची माफी मागा."

डॉक्टरांनी नुसती मान वर केली, तेव्हा "चुकलं जी" एवढं तो पुटपुटला.

मी विजयी मुद्रेने इंदूबाईंकडे वळले. त्या हळूच म्हणाल्या, "माठाखाली ओल्या रेतीत ठेवत होती मी बाटली, वयनी... तवा पोरीले एक दिस काही झालं नाही."

टोमणा नव्हता तो. पण त्या रेतीला नाक मुरडून, "असले अडाणी प्रकार बंद करा, बाटली आमच्याकडे आणा" असं त्यांना सांगणारी मीच होते. वर किल्ली कमरेला लावून हिंडणारीही मीच. फ्रीझर कुठे आहे हे दाखवायला मला अर्धं मिनिट लागलं असतं... ते पुस्तकात वाचलेलं ज्ञान माझ्या कपाटातच राहिलं.

मंदा आठव्या दिवशी घरी आली. अशक्त, पण बडबड करत.

त्या दिवशी दिलं ते असं. दवाखान्याकडून इंदूबाईंना दोन नव्या बाटल्या. माझ्याकडून इंदूबाईंना फ्रिजची दुसरी किल्ली.

आणि काल, माझ्याकडून दुकानदारांना माझ्या हस्ताक्षरातला एक कागद: "आधी विचारा, फ्रीझर वर आहे की खाली." त्यांनी तो काउंटरच्या काचेखाली सरकवला. सरकवेपर्यंत मी तिथेच उभी होते.