बस आंटी आणि पिवळा पट्टा

बस आंटीला दप्तराच्या वजनावरून कळायचं, की घरी काय राहिलंय. बसच्या पायरीवर उभी राहून ती प्रत्येक मुलाच्या पाठीवरचं दप्तर उतरवून आत घ्यायची आणि घेता घेता निकाल द्यायची. "ओजसमम्मी, आज मंगळवार. सोशलचं जाडं पुस्तक कुठाय?" मी पहिल्यांदा हसले. तरी मनात पाल चुकचुकलीच, म्हणून धावत चौथ्या मजल्यावर गेले. पुस्तक सोफ्यावर लोळत होतं. खाली येईपर्यंत मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवून दुबईतलं आमचं करामा डोक्यावर घेतलं होतं, आणि आंटी ड्रायव्हरला सांगत होती, "खानसाब, एक मिनट. बच्चा डाँट खाएगा, आपको क्या मिलेगा?"

शाळेच्या बसमध्ये मुलांची चढउतार बघायला एक बाई असते, ती ही. तिला नाव होतं, गळ्यातल्या ओळखपत्रावर ते लिहिलेलंही होतं, पण मुलांसकट सगळी इमारत तिला बस आंटी म्हणायची आणि तिने आम्हा आयांची नावं कधी विचारली नाहीत. मी ओजसमम्मी, दुसऱ्या मजल्यावरची नसरीन ती अफताबमम्मी. पुढे एकदा मी फोनवर सासूबाईंशी बोलत असताना तिने ऐकलं आणि तिचा चेहरा फुलला. "अगं बाय, तू मराठी? मी वसईची!" त्या दिवसापासून मी 'बाय' झाले. आईसारखं हक्काने मला अगंतुगं करणारं दुबईत दुसरं कुणी नव्हतं, म्हणून मलाही ते बरं वाटायचं.

बस सुटण्याआधी ती मुलं दोनदा मोजायची, एकदा पुढून मागे आणि एकदा मागून पुढे. मोजायची मराठीत. "मोजून घेतली, मोजून देणार," हे तिचं ठरलेलं वाक्य. मग दाराला हात लावून छातीवर क्रूस करायचा आणि "यल्ला, खानसाब." एकदा आकडा जुळेना तेव्हा तिने तिसऱ्यांदा मोजलं, चौथ्यांदा मोजलं, आणि शेवटी केजीतली एक मुलगी सीटखाली झोपलेली सापडली. ती सापडेपर्यंत बस हलली नाही. शाळेने उशिराबद्दल खुलासा मागितला, तर आंटी म्हणाली, "लिहा, की एक पोर जास्त वेळ झोपली."

बसायचं कसं, हेही तीच ठरवायची. एक मोठं, एक लहान. एक बडबडं, एक मुकं. "जोडीने बसवलं की दोघं एकमेकांना सांभाळतात, मला काम कमी," असं म्हणायची. आमचा ओजस गणितात तल्लख आणि बाकी जगात गोंधळलेला. त्याच्याशेजारी तिने अफताबला बसवला तो दुसरीत. अफताबला आकडे म्हणजे वैरी, पण त्याला हिंदीची अख्खी कविता एका दमात पाठ. करामा ते शाळा या चाळीस मिनिटांत एकाचं गणित व्हायचं आणि दुसऱ्याचं हिंदी. चार वर्षं हे चाललं. मला ऑफिसला लवकर जायचं असेल त्या दिवशी नसरीन ओजसला स्वतःच्या मुलाबरोबर खाली घेऊन यायची. मी काही न सांगता तिला ते कळायचं.

मग ते सर्क्युलर आलं. सहावीपासून गणित आणि सायन्सला 'ऑनर्स'ची वेगळी तुकडी, त्यासाठी परीक्षा, पहिल्या तीस मुलांना प्रवेश. दुसऱ्या दिवशी सकाळी सहा पन्नासला बस स्टॉपवर पार्लमेंट भरलं. ओजसच्या वर्गातल्या सान्वीचे पप्पा म्हणाले, "हुशार मुलं वर्गात बाकीच्यांची वाट बघत बसतात, हा त्यांच्यावर अन्याय नाही का?" मी जोरात मान हलवली. ओजस वर्गात कंटाळून वहीच्या मागे विमानं काढायचा हे मला माहीत होतं. नसरीन म्हणाली, "ग्यारह साल के बच्चे का फ़ैसला एक पेपर से? जो छूट गया, उसे टीचर भी छूटा हुआ ही समझेगी." तिचंही खोटं नव्हतं. पण त्या वेळी ज्याच्या घरी जे पोर, त्याप्रमाणे ज्याचं त्याचं मत, आणि माझ्या घरी ओजस होता.

मी आंटीला विचारलं, खरं तर तिने आपल्या बाजूने बोलावं म्हणून. ती दप्तरं आत घेत होती. म्हणाली, "हुशार पोराला जास्त शिकवा, कोण नको म्हणतं? मी दहावीला दुसऱ्यांदा पास झाले, बाय. मला कुणी जास्त शिकवलं असतं तरी उपयोग नव्हता. पण मी कितीव्यांदा पास झाले ते कपाळावर लिहून तर फिरवलं नाही ना कुणी?" मला वाटलं, हे तिचं आपलं काहीतरी. शिकलेली नाही, म्हणून असं बोलते. हे मी तेव्हा खरंच मनात म्हटलं, आज लिहायलाही लाज वाटते.

ओजस तिसात आला. अफताब दोन मार्कांनी राहिला. निकालाच्या दुसऱ्या दिवशी स्टॉपवर नसरीन पुन्हा म्हणाली की हे ऑनर्स प्रकरण चूक आहे, आणि मी, माहीत नाही कुठून जिभेवर आलं, म्हणाले, "अफताब का हो जाता तो आप भी यही कहतीं?" तिने माझ्याकडे नुसतं बघितलं. त्यानंतर ती आमच्याजवळ उभी राहीनाशी झाली. पलीकडच्या ग्रोसरीच्या दारात उभी राहायची, आणि बस आली की अफताब एकटाच रस्ता ओलांडून यायचा.

शाळेने ऑनर्सच्या मुलांना ओळखपत्रासाठी पिवळा पट्टा दिला. बाकीच्यांचा निळा. माझ्या आनंदाला उधाण आलं होतं. मी तो पट्टा घातलेल्या ओजसचा फोटो काढून आईला, सासूबाईंना, ऑफिसच्या ग्रुपवर, सगळीकडे पाठवला. ओजस फोटोत हसत नव्हता. मला वाटलं, झोप झाली नसेल.

दोन महिन्यांनी सान्वी पट्टा न घालता शाळेच्या फाटकात सापडली आणि तिच्या डायरीत शेरा आला. पट्टा कुठे विचारल्यावर ती रडत म्हणाली, "बस आंटीकडे राहिला." चौकशी झाली तेव्हा कळलं, की सकाळी मुलं बसमध्ये चढल्यावर आंटी ऑनर्सच्या मुलांचे पिवळे पट्टे काढून आपल्या कमरेच्या पाऊचमध्ये ठेवते आणि शाळा आली की परत घालते. परत जातानाही तसंच. त्या दिवशी गडबडीत सान्वीचा द्यायचा राहिला.

पालकांच्या ग्रुपवर आग लागली. 'ही कोण ठरवणारी?' 'जेलसी आहे.' 'मुलांनी मेहनतीने मिळवलंय.' तक्रार करायची ठरलं आणि ती कुणी लिहायची यावर चर्चाच झाली नाही. मी एका कंपनीत एचआरला आहे. माणसाला नोकरीवरून काढणारी सभ्य पत्रं लिहिण्यात माझा हात कुणी धरणार नाही. गुणवान विद्यार्थ्यांचं मनोबल खच्ची करणारी वागणूक, कर्मचाऱ्याने अधिकाराबाहेर घेतलेला निर्णय, योग्य कारवाईची अपेक्षा, असं सगळं मी वीस मिनिटांत इंग्रजीत उतरवलं. बावीस पालकांनी खाली नावं टाकली. कुणीतरी मला टाळ्यांचे इमोजी पाठवले आणि मला ते आवडले.

पुढच्या सोमवारी बसच्या पायरीवर दुसरीच मुलगी उभी होती. तिने मुलं एकदाच मोजली.

ओजस चार दिवस घुम्यासारखा वागला. पाचव्या दिवशी जेवताना ताटाकडे बघत म्हणाला, "It was me, Mamma."

"काय तू?"

"The strap. I gave it to her. I was first." मग हळूहळू सगळं बाहेर आलं. पट्टा मिळाला त्या आठवड्यात अफताब त्याला म्हणाला होता, की यलोवाले पुढे बसतात, तू पुढे जा. ओजसने रडत आंटीला सांगितलं, हे तुमच्याकडे ठेवा, मम्मीला सांगू नका. तिने ठेवलं. ते बघून दुसऱ्याने दिलं, मग तिसऱ्याने. ती कुणाचा पट्टा काढून घेत नव्हती. मुलंच तिच्याकडे देत होती.

मी ताट बाजूला सारलं. चौकशीत तिने यातलं एक अक्षर सांगितलं नव्हतं. मी त्याच दिवशी शाळेला दुसरं पत्र लिहिलं, या वेळी सगळं खरं. उत्तर आलं, की संबंधित कर्मचाऱ्याची बदली कामाच्या गरजेनुसार झाली आहे. अशी उत्तरं मीही लिहिते, म्हणून मला त्याचा अर्थ लगेच कळला.

खानसाबना पत्ता विचारला आणि पुढच्या शनिवारी ओजसला घेऊन मी तिच्याकडे गेले. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात कारखान्यांच्या मागे स्टाफच्या राहण्याच्या इमारती आहेत, तिथे एका खोलीत ती आणि आणखी तिघी राहायच्या. आंटी युनिफॉर्मला इस्त्री करत होती. ओजसला बघून तिने इस्त्री उभी केली आणि त्याला जवळ घेतलं. "बारीक झालास रे. डबा खातोस की परत आणतोस?" मग त्याला खाली खेळायला पाठवून दिलं, कारण माझा चेहरा तिने बघितला होता.

मी म्हटलं, "आंटी, ते पत्र मी लिहिलं होतं."

"ठाऊक आहे. सुपरवायझरने वाचून दाखवलं. इंग्रजी छान आहे तुझं." यात टोमणा नव्हता. तिला खरंच छान वाटलं होतं.

"तुम्ही सांगितलं का नाही, की पट्टा ओजसनेच दिला म्हणून?"

"पोराने विश्वासाने ठेवायला दिलेलं, बाय. कुणी दरडावून विचारलं म्हणून काढून दाखवायचं?"

"अहो, पण तुमची नोकरी गेली असती!"

"गेली नाही ना? बस बदलली, खलास. इथली पोरं केजीची आहेत. एक रोज माझ्या ओढणीला नाक पुसतं." ती हसली आणि पुन्हा इस्त्री हातात घेतली. कॉलर दाबत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "पण लिहायच्या आधी तू मला विचारायचं होतंस. रोज सकाळी तुझ्यासमोरच तर उभी असायचे."

मी रडायला लागले. ती म्हणाली, "रडू नको, मला परत इस्त्री करावी लागेल," आणि मला पाण्याचा ग्लास दिला. पुन्हा आमच्या बसवर या, मी आणखी लिहिते, असं मी म्हणाले तर तिने हात जोडले. "आता काही लिहू नको बाबा माझ्याबद्दल. चांगलंसुद्धा."

परतताना गाडीत मी ओजसला विचारलं, ऑनर्स सोडायचंय का. मनाची तयारी करून विचारलं होतं. तो म्हणाला, "No. I like the maths. I don't like the yellow." इतकी साधी गोष्ट होती. बावीस पालकांपैकी एकानेही ती त्या मुलांना विचारली नव्हती आणि बावीसातली पहिली सही माझी होती.

मग मी तिसरं पत्र लिहिलं, आंटीबद्दल नव्हे, पट्ट्याबद्दल. ऑनर्सचा वर्ग राहू दे, पण रंग एकच ठेवा. सान्वीचे पप्पा माझ्यावर भडकले, ग्रुपवर मला बरंच काही ऐकावं लागलं. पण शाळेत आणखीही काही आया जाऊन बोलल्या, आणि नवीन टर्म सुरू झाली तेव्हा सगळ्यांच्या गळ्यात निळे पट्टे होते. माझी मान ताठ झाली. मी आंटीला व्हॉट्सअॅप केलं, 'पिवळा पट्टा गेला!' आणि नाचणारे दोन इमोजी.

तिचा व्हॉइस मेसेज आला, मागे केजीतल्या पोरांचा कल्ला. "बरं झालं, बाय. देव बरं करो. आणि अफताब काय म्हणतो? दोघं बसतात ना शेजारी?"

मी ओजसला विचारलं. त्याने खांदे उडवले. "He sits with the football guys, Mamma. I don't know." पट्टा जाऊन आठवडा झाला होता. तरी अफताब मागेच बसत होता आणि ओजस पुढे. नसरीनही ग्रोसरीच्या दारातच उभी राहत होती. पाच महिन्यांत मी तो रस्ता एकदाही ओलांडला नव्हता. पत्रं मात्र तीन लिहिली होती.

मी गॅस बंद केला, ओजसला चपला घालायला सांगितल्या आणि आम्ही दोघं लिफ्टने दुसऱ्या मजल्यावर उतरलो. काय बोलायचं ते मी मनात जुळवत होते, ड्राफ्ट करावा तसं. बेल वाजवल्यावर नसरीननेच दार उघडलं. तिला बघितल्यावर मला त्यातलं काही आठवलं नाही.

"ओजस अफताब से मिलने आया है," मी म्हटलं.

ओजस तिच्या हाताखालून आत शिरला. ती दार धरून तशीच उभी राहिली.

"और आप?" तिने विचारलं.

"मैं आपसे," मी म्हटलं.