डावरीचा एकच सामना

चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत डावरी बसते. काचा घासायच्या, फ्रेममध्ये बसवायच्या, फडक्याने पुसून पुढे द्यायच्या. हे नाव बापाने ठेवलं, कारण पोरगी चालायला लागली तीच डाव्या पायाने बॉल लाथाडत. फुटबॉलचं तिच्याकडे एवढं नावच उरलं, बाकी काही नाही.

एके काळी तिला दोन देश मागत होते. एक जन्माचा, जिथे ती राहते. दुसरा आईबापांचा, जिथे आजोबा फोनजवळ बसून असायचे. नातीने आपल्या देशाकडून खेळावं, एवढीच म्हाताऱ्याची इच्छा. आत्या म्हणायची, "दोन दगडांवर पाय ठेवू नकोस गं बाई." बापाची गत तर धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. "तुझं तू ठरव," म्हणून तो मोकळा झाला.

ती ठरवतेय तोवर इथल्या कोचने तिला देशाच्या मोठ्यांच्या संघात बोलावलं आणि बाकावर बसवलं. सामना जिंकल्यात जमा होता. शेवटची शिट्टी होत आली, तेव्हा तो म्हणाला, "जा, उतर." ती धावत गेली. बॉल पलीकडच्या कोपऱ्यातच घुटमळत राहिला. शिट्टी झाली. कोचने पाठ थोपटली. "झालीस आमची! आता तिकडचे तुला नेऊ शकत नाहीत."

नियमच तसा होता. एकदा मोठ्यांच्या संघातून स्पर्धेच्या सामन्यात मैदानात उतरलं की दुसऱ्या देशाचं दार बंद. डावरीला तो ठाऊक नव्हता असं नाही. पण कुणी आपलं म्हणून हाक मारली तर नाही कसं म्हणायचं, हे तिला येत नव्हतं.

पुढच्या सामन्याला तिला बोलावणं आलं नाही. नंतरही कधी आलं नाही. कोच रस्त्यात भेटला की हसायचा, तब्येत विचारायचा.

"तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं..." आत्या एकदा बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

"खरं तेच बोललीस. जीभ कशाला चावतेस?" डावरी म्हणाली. आपल्याला वाईट वाटायला हवं, हे तिला कळत होतं. वाटत मात्र काहीच नव्हतं. दात काढायच्या आधी सुई दिली की गाल आपला राहत नाही, तसं झालं होतं. ती काचा घासत राहिली.

मग आजोबा अंथरुणाला खिळले. बापाने फोन तिच्या कानाला लावला. देश हुकल्याचं आजोबांना केव्हाच कळलं होतं, पण त्यांनी तो विषय काढला नाही. एवढंच विचारलं, "बॉल तरी लागला होता का गं पायाला?"

"लागला होता की, आजोबा. डाव्या."

"मग झालं तर," ते म्हणाले. "मग काही वाया नाही गेलं."

तो सामना बापाने सबंध पाहिला होता. त्याने खिशातून रुमाल काढून पुढे धरला, तेव्हा कुठे डावरीला कळलं की आपला गाल ओला झालाय.