अकरा दहाचा निरोप

मी नाईक शमुवेल, रेडिओ ऑपरेटर. गाव वणीजवळचं राजूर. वडील कोळशाच्या खाणीत होते. माझी शेवटची पोस्टिंग उत्तरेकडच्या बर्फात होती. पोस्टवर बावीस जण. ख्रिस्ती मी एकटा.

रविवारी सकाळी अकराला मी वायरलेस सेटजवळ बसूनच पंधरा मिनिटं बायबल वाचायचो, प्रार्थना करायचो. ही सवलत मला हवालदार गजाननभाऊने मिळवून दिली होती. तो फुलसावंगीचा. घरी कापूस, सोयाबीन. आम्ही दोघं एकाच जिल्ह्याचे, म्हणून आपसात वऱ्हाडी बोलायचो. पहिल्याच रविवारी त्याने बंकरमध्ये सगळ्यांना बजावलं, "इसको पंद्रह मिनट कोई आवाज़ मत देना."

त्या रविवारी तो चार जणांची पेट्रोल, म्हणजे गस्तीची तुकडी, घेऊन साडेनऊला निघाला. अकरा दहाला बेसवरून निरोप आला. हिमस्खलनाचा धोका आहे, पेट्रोलने नाला ओलांडू नये. मी वेळ लॉगमध्ये, म्हणजे निरोपांच्या नोंदवहीत, लिहिली. पेट्रोल नाल्यापासून अजून तासभर दूर असेल, असा माझा अंदाज होता. त्या दिवशी मी उशिरा बसलो होतो, प्रार्थना नुकतीच सुरू झाली होती. मनाने सांगितलं, आधी देवाचं पुरं कर. मी पुरं केलं.

अकरा पंचवीसला सेट उचलला.

"पेट्रोल, पोस्ट बोल रहा हूँ. नाला पार मत करो. ओव्हर."

"नाले में ही हूँ. आधा पार. ओव्हर."

त्यानंतर सेटमधून आवाज आला नाही. तिघं जण वाचले. गजाननभाऊचा देह दुसऱ्या दिवशी दुपारी बर्फाखाली सापडला.

लॉगमध्ये निरोप पुढे दिल्याची वेळ मी लिहिली नव्हती. आमचे सुभेदारसाहेब वयाने मोठे, मायाळू माणूस. ते शेजारी येऊन बसले.

"ग्यारह बारह लिख दे," ते म्हणाले. "जानेवाला गया. तेरे बच्चे छोटे हैं."

मी लिहिलं, अकरा बारा. वाचलेल्या तिघांना वेळ नक्की आठवत नव्हती. सेट गजाननभाऊच्याच पाठीवर होता. बेसवर चौकशीसाठी कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली, तेव्हा त्या एका आकड्यावरून सरळ अर्थ निघाला. हवालदाराला सूचना मिळाली होती, तरी तो नाल्यात उतरला. माझ्यावर कोणी संशय घेतला नाही. उलट जेवताना जवान मला जागा करून द्यायचे, तुझा गाववाला गेला म्हणायचे. तो घास गिळताना मी त्या सगळ्यांपासून जितका दूर होतो, तितका आधी कधीच नव्हतो.

चौकशीच्या चौथ्या दिवशी राजूरच्या आमच्या चर्चच्या जुन्या पाळकांना फोन लावला. सगळं सांगितलं.

"सदसद्विवेक सांगून राह्यला, खरं बोल," मी म्हणालो. "पण पाळकसाहेब, त्या दिवशी आधी प्रार्थना कर म्हणणारंही हेच मन होतं. याच्यावर भरोसा कसा ठेवू?"

ते म्हणाले, "विवेक चुकतो, शमुवेल. त्याले तपासा लागते. त्या दिवशी मनानं सांगतलं ते तुले सोयीचं होतं. आता सांगते ते तुले नको हाये. येवढा फरक तर पाह्य."

"तुम्ही सांगा, काय करू?"

"मी सांगतलं तर ते माह्या विवेकानं होईन. गजाननच्या बापासमोर उभा राहून अकरा बारा म्हणू शकशील काय? तेवढं स्वतःले विचार."

दुसऱ्या दिवशी दहा वाजता मी कोर्टासमोर उभा राहिलो. वेळ खोटी लिहिली, असं सांगितलं. सुभेदारसाहेबांचं नाव घेतलं नाही. हात माझा होता.

"पंद्रह मिनट क्या कर रहे थे?" चौकशी घेणाऱ्या मेजरसाहेबांनी विचारलं.

या प्रश्नाची मला सगळ्यात जास्त भीती होती. सेट दुरुस्त करत होतो म्हटलं असतं तर चाललं असतं.

"प्रार्थना, साहब."

मेजरसाहेबांनी ते लिहून घेतलं.

मला शिक्षा झाली, बढती गेली. पोस्टवर ती बातमी माझ्याआधी पोहोचली. मला कोणी वाईट बोललं नाही. जेवताना जागा मात्र कोणी करेना. रविवारी अकराला मी सेटसमोर डोळे उघडे ठेवून बसायचो. पोस्टिंग संपेपर्यंत मला प्रार्थना जमली नाही.

सुट्टीत फुलसावंगीला गेलो. गजाननभाऊचे वडील अंगणात कापूस वाळत घालत होते. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. त्यांनी हातातला कापूस खाली ठेवला.

"पंधरा मिनिटं?"

"हो, बाबा."

"आमाले सांगतलं, पोरानं ऐकलं नाही. मी म्हनो, माहा पोरगा असा नाही." ते पुन्हा कापसाकडे वळले. "तू सांगतलं, बरं केलं. पन घरात ये म्हननं माह्यानं होत नाही. जाय आता."

मी सॅल्यूट केला आणि निघालो. त्यानंतर मी त्या घरी गेलेलो नाही.

आता निवृत्त होऊन राजूरला राहतो. प्रार्थना पुन्हा जमते, पण लहान. चर्चमध्ये मृतांची आठवण करायची वेळ येते तेव्हा मी एक नाव घेतो. हवालदार गजानन, फुलसावंगी. बर्फ सुटला तेव्हा मागच्या तिघांना त्याने कडेच्या खडकाकडे ढकललं, हे त्या तिघांनीच सांगितलं. त्याने कोणताही हुकूम मोडला नव्हता. हुकूम त्याच्यापर्यंत वेळेत पोहोचलाच नव्हता.