कंपासपेटीतल्या वड्या

नागपंचमीची सकाळ, हिंडलग्यातलं आमचं घर, आणि स्वयंपाकघरात मधोमध बसून मी भोकाड पसरलेलं... साल ऐंशीच्या आगेमागे. मी पाचवीत, म्हणजे भोकाड पसरायचं वय खरं तर उलटून गेलेलं. पण कारणच तसं होतं.

मला शेंगदाणा चालत नाही. एक दाणा पोटात गेला की ओठ सुजतात, अंगभर गांधी उठतात. बेळगावच्या डॉक्टरांनी 'अ‍ॅलर्जी' असा शब्द सांगितला होता, पण गल्लीत तो कुणाला पटला नाही. "पोरीला शेंगा बाधत्यात," एवढंच. आणि आमच्याकडे तर भाजीत कूट, चटणीत कूट, आमटीतसुद्धा कूट! मला जन्माला घालताना देवाचा पत्ता नक्की चुकला.

त्यात पंचमी म्हणजे लाडू आणि झोका. चिंचेला दोर बांधायचा, मुलींनी जोडीजोडीनं चढायचं आणि झोका चढला की घरून आणलेला लाडू एकमेकींना भरवायचा, ही आमच्या गल्लीची रीत. सगळ्यांचे लाडू शेंगांचे. त्यामुळे मी दरवर्षी खाली उभी राहून झोका द्यायला... झोका द्यायला मी एक नंबर हो!

त्या वर्षी मात्र मी हट्टच धरला. आईनं माझ्यासाठी वेगळे तिळाचे लाडू करायचे आणि मी ते घेऊन पद्माबरोबर झोक्यावर चढायचं. पद्मा म्हणजे शेजारच्या जैनांची मुलगी, माझी जिवाभावाची मैत्रीण. आठवडाभर शाळेत आमचा दुसरा विषय नव्हता.

आदल्या दिवशी काकतीहून आत्या माहेरपणाला आली. आल्या आल्या पदर खोचून आईबरोबर लाडू वळायला बसली. सकाळी मी नवा परकर घालून लाडवाला हात लावणार, तोच आत्या कौतुकानं म्हणाली, "नुस्ता तीळ कोरडा लागतोय म्हणून तुझ्या लाडवात मूठभर कूट घातलंय गं बाई!"

झालं! तिला वाटलं होतं, अख्खे दाणे बाधतात, कुटाला काय होतंय... आईचा चेहरा उतरला. आत्यानं कपाळावर हात मारून घेतला आणि माझ्याबरोबर तीही रडायला लागली.

नवीन करावं तर पंचमी आडवी. त्या दिवशी आमच्यात तवा चढत नाही, काही भाजायचं-तळायचं नाही, विळी-सुरीला हात लावायचा नाही. पाक नको आणि वड्या कापायलाही नकोत. मग करायचं काय, डोंबल?

तेवढ्यात आप्पा उठले. आप्पा, म्हणजे माझे वडील, उद्यमबागेत फाउंड्रीत मोल्डिंगला होते, वाळूचे साचे करायचे. घरात मात्र चुलीशी त्यांचा संबंध फक्त जेवणापुरता. म्हणाले, "तवा नगं, सुरी नगं... साचा तर चालतोय न्हवं?" आणि माझी जूनमध्ये घेतलेली नवीकोरी कंपासपेटी उचलली.

"अवो, शाळंची पेटी हाय ती!" आई ओरडली. पण पेटी राखेनं घासून कडकडीत पाण्यातून निघालीसुद्धा. आत्या दाराशी बसली. "मी हात लावत न्हाई बाई," म्हणत तिथूनच हुकूम सोडायला लागली.

खलबत्त्यात कालच शेंगा कुटलेल्या, म्हणून तो बाद. आप्पांनी पुटाणी डाळं धुतलेल्या फडक्यात बांधलं आणि तांब्याच्या बुडानं चेचलं. आईनं डब्यातले राहिलेले तीळ, खोबऱ्याचा कीस आणि चुरमुरे घातले. गूळ पावसाळी हवेनं पाझरून मऊ झालेलाच होता, त्यानंच सगळं मळलं.

पहिली वडी पेटीतून निघाली ती भुगा होऊन. आप्पांनी शांतपणे तो तोंडात टाकला. मग केळीचं पान हातानं फाडून (हातानं हं, चिरून नाही!) पेटीत अंथरलं आणि फाउंड्रीत वाळू ठोकतात तसं ते सारण वाटीच्या बुडानं ठोकून ठोकून बसवलं. पेटी उलटी केली... आणि अशी देखणी, काटकोनी वडी पाटावर उतरली म्हणता! आत्यानं दारातूनच टाळ्या वाजवल्या.

आता दुकानात चकचकीत कागदात असलंच काहीतरी मिळतं. ग्रॅनोला बार, नो-बेक, नट-फ्री... किंमत बघून हसू येतं. आमच्या आप्पांनी ते लुंगी खोचून केलं होतं.

वड्या घेऊन मी पळत चिंचेखाली गेले आणि तिथंच पाय थबकले. वडी माझी चोख होती, पण भरवणारे हात? सगळ्यांच्या हातांना लाडू, बोटांना कूट. मी मुकाट झोका द्यायला मागं जाऊन उभी राहिले.

पद्मानं माझ्याकडं बघितलं, माझ्या हातातल्या वडीकडं बघितलं. स्वतःचा लाडू घरात ठेवून आली, येताना साबण घेऊन आली. बोरिंगवर कोपरापर्यंत हात धुतले, खळखळून चूळ भरली आणि मग जी ओरडली, "ए, हात धुवून या गं समद्या! आज ही चढणार हाय!"

आणि आल्या की हो! एकीनं बोरिंग मारायचं, दुसरीनं धुवायचं. परकर भिजवत, एकमेकींवर पाणी उडवत, अख्खी गल्ली बोरिंगवर.

तोवर आईशिवाय कुणाच्या हातचा घास घ्यायची माझी छातीच नव्हती. झोका वर गेला, पद्माचा ओला हात पुढे आला आणि मी बेधडक आ केला. कसली गोड लागली ती वडी... काय सांगू!

पुढे आयुष्यात माझ्यासाठी वेगळं ताट वाढणारे खूप भेटले, त्यांचे उपकार आहेतच. पण माझ्यासाठी आपले हात धुऊन येणाऱ्या त्या पोरी पहिल्या.