काकांचं लिनक्स आणि मावशीचा हादगा

पेन ड्राइव्ह संगणकाला न विचारता ओढून काढणाऱ्या मुलाला मुलगी देऊ नये, असं जाहीरपणे सांगणारा माणूस सबंध पलूस तालुक्यात एकच आहे आणि तो नेमका माझ्या मावशीचा नवरा निघावा, हे आमच्या घराण्याचं नशीब. काका लष्करात सिग्नलमध्ये होते. निवृत्त होऊन येताना लोक काळी ट्रंक आणि गुडघेदुखी आणतात, काकांनी लिनक्स आणलं. संगणक चालवणाऱ्या या लिनक्सपुढे तेव्हापासून घरात उसाचा विषय मागे पडला. एका लग्नात फोटोग्राफरने लॅपटॉपमधून पेन ड्राइव्ह सरळ उपटला, तर काका जिलेबी ताटात टाकून उठले. "गड्या, आत लिवायचं काम चालू आसंल तर? जेवत्या मानसाच्या म्होरलं ताट वढतोस व्हय रं?" अशी त्याची हजेरी चालली असताना तिकडे नवरा-नवरीने एकमेकांना घास भरवला. त्याचा फोटो आजही कुणाकडे नाही.

काहीही बिघडलं की काका आधी वायर हलवतात, मग काळ्या पडद्यावर एकेक हुकूम टाइप करतात आणि यंत्राने दिलेली उत्तरं गल्लीला ऐकू जातील अशी वाचून दाखवतात. प्रिंटर ऐकेना तेव्हा त्यांनी तो आठवडाभर सोप्यात भिंतीकडे तोंड करून ठेवला होता. पुढे तो चालू झाला, याचं श्रेय ते अजून शिक्षेलाच देतात.

यंदा खंडेनवमीला मी सांगलीहून पुरणपोळी हाणायला गेलो, तर घरात सुतकी शांतता. मावशीच्या घशाचं मिरजेला ऑपरेशन झालं, तेव्हापासून तिचा आवाज गेला आहे. कुजबुजल्यासारखं बोलते. आळीत हादग्याची गाणी तीच सांगायची. ऑपरेशनच्या आधी काकांनी ती सगळी रेकॉर्ड करून पेन ड्राइव्हवर घेतली होती. संध्याकाळी मुली हादगा खेळायला येणार, तेव्हा ती गाणी लावायची होती, आणि संगणकाला पेन ड्राइव्ह दिसायलाच तयार नव्हता. साऱ्या जगाला दोन प्रती ठेवायला सांगणाऱ्या काकांनी दुसरी प्रत नवं लिनक्स टाकताना स्वतःच पुसून टाकली होती.

"ऱ्हाऊ द्या की आता," मावशी दारातून म्हणाली. "पोरी म्हनत्याल त्यास्नी येतंय तसं."

"तुजा आवाज हाय त्यात," काका मान वर न करता म्हणाले. "ऱ्हाऊ कसा दिऊ?"

मी पुढे होऊन पेन ड्राइव्ह ओढून काढला. काका एक शब्द बोलले नाहीत, तेव्हा मात्र मी खरा घाबरलो. माझं बोट लाल झालं होतं. सकाळी काकांनी पकड, पाना, संगणक अशी सगळी शस्त्रं मांडून पूजा केली होती आणि पेन ड्राइव्हच्या नेमक्या तोंडात ओलं कुंकू सढळ हाताने भरलं होतं.

"आवं काका, कुंकू."

"ती पूजा हाय. बिघाड न्हवं," एवढंच म्हणून ते जुना टूथब्रश आणि स्पिरिट घेऊन बसले. कुंकू निघायला बराच वेळ लागला, पण शेवटी पेन ड्राइव्ह दिसला.

अंगणात मुलींनी फेर धरला आणि स्पीकरमधून मावशीचा जुना, खणखणीत आवाज आला. मावशी हत्ती काढलेल्या पाटाशी उभी राहून ओठ हलवत होती. "लय मोठ्यानं म्हनत हुते की रं मी," ती माझ्या कानाशी म्हणाली आणि हसली. मी आत गेलो, तर काका पाठमोरे बसून टाइपच करत होते. करण्यासारखं काही उरलं नव्हतं. फायलींची यादी दाखवायचा तोच तो हुकूम ते पुन्हा पुन्हा देत होते.

"झालं की काका. लागली गाणी."

"व्हय," ते पडद्याकडे बघतच म्हणाले. "पर गानीच घेतली रं मी. रोज मला शिव्या द्याची, त्या घ्याच्या ऱ्हायल्या."