अठरा पूर्ण असतील तरच

थिएटरात वीस वर्षं काढलेल्या माणसाला पिक्चर कमी आणि दारातली माणसं जास्त आठवतात. मी सोलापुरात तिकीट खिडकीवर होतो. आम्ही जुने लोक आजही चहाला बसलो की गाडी फिरून फिरून सिद्धप्पावर येते.

सिद्धप्पा आमचा डोअरकीपर, मंद्रूपचा. तेव्हा पिक्चरच्या आधी पडद्यावर सेन्सॉर बोर्डाचं सर्टिफिकेट यायचं. ‘यू’ असलं तर पोरंटोरं सगळी आत. ‘ए’ असलं तर अठरा पूर्ण झालेलेच. कमी वयाचं कुणी आत सापडलं तर थिएटरचं लायसन्स धोक्यात, आणि त्याच्याआधी सिद्धप्पाची नोकरी. घरी दोन मुली. थोरली गंगव्वा सोळाव्या वर्षी उजवलेली, धाकटी नागव्वा शाळेत. तिचंही एकदा उरकलं की मी मोकळा, असं तो रोज म्हणायचा.

* * *

जन्माचा दाखला खिशात घालून पिक्चरला कोण येतो? पोरं काजळाच्या मिशा काढून यायची. सिद्धप्पा वाद घालायचा नाही. संशय आला की बाजूला उन्हात उभं करायचा. सोलापूरचा एप्रिल आणि मॅटिनीची वेळ! दहा मिनिटांत मिशी हनुवटीवर उतरायची.

“जा बाळा, मिशी वाळली की ये,” एवढंच म्हणायचा.

* * *

एका हेडमास्तरांनी तक्रार केली, आमचे विद्यार्थी तुमच्याकडे ‘ए’ पिक्चर बघतात. मालक म्हणाले, स्वतः आत जाऊन तपासा. मास्तर गेले ते पिक्चर संपेपर्यंत तपासत बसले. विद्यार्थी एकही सापडला नाही. दुसऱ्या दिवशी मास्तर पुन्हा हजर.

सिद्धप्पानं अदबीनं पडदा बाजूला केला. “मास्तर, काल कोपऱ्यातल्या खुर्च्या ऱ्हायल्या जनू?”

* * *

‘ए’ म्हटलं की लोकांच्या डोक्यात एकच यायचं. एकदा अशीच गर्दी लोटली आणि पिक्चर निघालं खुनाचं. नुसतं रक्त आणि किंकाळ्या. इंटरव्हलला चार-पाच जण तणतणत सिद्धप्पाकडे आले, यात ‘ए’सारखं आहे काय म्हणून. त्यानं विचारलं, तुमचा धाकटा हे बघून झोपेल का? त्यातला एक ओशाळला. म्हणाला, मलाच झोप लागायची नाही.

“मग? पिक्चर वाईट म्हून न्हाय, पोरगं कवळं म्हून हे दार हाय.”

इतकं सोपं करून आम्हाला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

* * *

मग एका रविवारी गंगव्वाच आली, नवऱ्याबरोबर. लग्नाला वर्ष झालेलं, म्हणजे वय सतरा. पिक्चर ‘ए’. मागं लोकांची रांग. सिद्धप्पानं जावयाचं तिकीट फाडलं आणि लेकीपुढं हात आडवा धरला. जावई भडकला. माझ्या खिडकीपर्यंत ऐकू आलं.

“मामा, लगीन लावताना कुटं गेली व्हती तुमची अठरा?”

त्या काळी मुलीचं लग्न पंधराव्या वर्षी कायद्यात बसायचं, ‘ए’ पिक्चर बसायचं नाही. रोज त्याच दारात उभे राहून आम्हाला हे कधी सुचलं नव्हतं. गंगव्वा मान खाली घालून परत गेली. सिद्धप्पानं त्या दिवशी डबा उघडला नाही. मला त्याचं वाईट वाटलं, तिचं त्याहून जास्त.

* * *

पुढच्या वर्षी नागव्वाला अक्कलकोटचं स्थळ चालून आलं. मुलगा कुर्डुवाडीला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये, नोकरी कायम, हुंडा नको. दिवा घेऊन शोधलं तरी मिळायचं नाही असं स्थळ. सिद्धप्पाला रजा नव्हती, म्हणून मुलगा आणि त्याचे वडील थिएटरवरच आले. मी ऑफिसात खुर्च्या मांडल्या, चहा मागवला. वडिलांनी मुलीचं वय विचारलं. सोळा, यंदा मॅट्रिकला बसणार. मग सुपारी फोडू, ते म्हणाले. मी मनात म्हटलं, सुटला बिचारा.

सिद्धप्पा उठून उभा राहिला. हात आपोआप आडवा झाला.

“अठरा न्हाईत. सोडता येत न्हाय.”

वडील अर्धा कप तसाच ठेवून उठले. मुलगा मात्र बसून राहिला. म्हणाला, “मामा, मी दोन वर्सं थांबतो की.”

सिद्धप्पानं हात खाली घेतला.

“थांब की. पर तवा तिकीट तिच्या हातात असंल.”